नीलकंठरावांचे बारा आरसे

आमच्या शेजारच्या दारावर पितळेची एक पाटी आहे. तिच्यावर नुसतं 'पांडे' असं लिहिलेलं आहे, आणि त्या घरात एकही पांडे राहत नाही. राहतात ते नीलकंठ पांढरीपांडे आणि त्यांच्या सौभाग्यवती मंदाकिनीकाकू. पाटी लावली तेव्हा तिच्यावर 'नी. ग. पांढरीपांडे' असं व्यवस्थित कोरलेलं होतं. पण नीलकंठराव ती पाटी रोज सकाळी चिंच आणि रांगोळीनं घासतात. डावीकडून सुरुवात करतात तेव्हा हाताला जोर असतो, उजवीकडे पोचेपर्यंत चहा येतो. बावीस वर्षांत आधी 'नी' गेलं, मग 'ग' गेलं, मग हळूहळू 'पांढरी' गेलं. 'पांडे' तेवढं चहामुळे वाचलं. आता दर होळीला पांडे समाजाचे दोन सज्जन मिलन समारोहाचं निमंत्रण घेऊन येतात. पहिल्या वर्षी नीलकंठरावांनी त्यांना सगळी हकीकत समजावून सांगितली. दुसऱ्या वर्षापासून ते समारोहाला जातात. गुजिया, म्हणजे आपल्या करंज्या, चांगल्या असतात म्हणे.

रायपूरच्या आमच्या चौबे कॉलनीत नीलकंठरावांना न ओळखणारा माणूस सापडणार नाही, कारण प्रत्येकाच्या घरात त्यांनी चकचकीत करून दिलेलं काहीतरी आहे. कुणाची समई, कुणाचा नळ, कुणाच्या आजेसासऱ्यांचा अडकित्ता. मोबदला घेत नाहीत. वस्तू परत देताना ती खिडकीपाशी उजेडात धरतात आणि तुम्हाला तीत तुमचं तोंड बघायला लावतात, एवढीच काय ती फी. माझ्यासारख्याला ती जड जाते, पण देतो.

हा नाद त्यांना नोकरीतून लागला. इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात, धातुशास्त्राच्या प्रयोगशाळेत, ते चौतीस वर्षं लॅब असिस्टंट होते. धातूचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा तर आधी त्याचा आरसा करावा लागतो. जाड एमरी पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक. दर वेळी तुकडा आडवा फिरवायचा आणि मागच्या कागदाचा शेवटचा चरा जाईपर्यंत घासायचं. शेवटी गरगर फिरणाऱ्या मखमलीच्या चकतीवर पांढरी पेस्ट टाकून चमक आणायची. मुलं कंटाळून अर्धवट तुकडा घेऊन आली की नीलकंठराव तो भिंगातून बघत आणि विचारत, "काहून रे पोट्ट्या, हा नमुना व्हय का गुढियारीचा उखडलेला रस्ता?" मुलगा पुन्हा पहिल्या कागदावर. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं आज मोठमोठ्या कारखान्यांत साहेब आहेत, आणि घरी भांडं नीट घासलं गेलं नाही तर त्यांना झोप लागत नाही, असं त्यांच्या बायका सांगतात.

या नोकरीत त्यांना एकच दुःख होतं. आरसा तयार झाला की मुलं त्याच्यावर आम्लाचा थेंब टाकत. धातूचे आतले कण दिसायला हवेत तर ते करावंच लागतं, हे नीलकंठरावांना पुस्तकानं माहीत होतं, पण मनानं पटलेलं नव्हतं. दोन दिवस राबून केलेली चमक दहा सेकंदांत मळकट होते, हे त्यांच्यानं बघवत नसे. आम्लाची बाटली कपाटातून निघाली की ते चहाला जात. चौतीस वर्षांत एकदाही त्यांनी तो थेंब पडताना पाहिला नाही. कॉलेजातल्या चहावाल्याचं पक्कं घर या एका दुःखावर उभं राहिलं असं म्हणतात.

निवृत्त झाल्यावर त्यांनी मागच्या व्हरांड्यात स्वतःचं यंत्र उभारलं. जुन्या कूलरची मोटर, तिच्यावर ॲल्युमिनियमची चकती, आणि चकतीवर मंदाकिनीकाकूंच्या लग्नातल्या मखमली ब्लाउजचं कापड. ब्लाउज कधी गेलं हे काकूंना आठ महिन्यांनी कळलं. त्या म्हणाल्या, एवढ्या वर्षांत त्याच्याकडं पहिल्यांदा इतकं लक्ष गेलं तुमचं.

घरातली फरशीही अशीच. तिच्यावर उभं राहिलं की आपण दोन ठिकाणी उभे आहोत असं वाटतं, एक वर आणि एक खाली. कामाला येणारी कुसुम भिंत धरून चालते. काकू तिला म्हणतात, जपून. ती म्हणते, "हव." आणि घसरते.

आणि मग ती तुळईची गोष्ट. ती आधीच सांगून टाकतो, कारण पुढं लागणार आहे. घराला खोली वाढवली तेव्हा जेवणघरावर सिमेंटची तुळई आली. फर्म्यातून निघाली ती इतकी गुळगुळीत, की नीलकंठराव तिच्याखाली खुर्ची टाकून बसले. दुसऱ्या दिवशी गौतम मिस्त्री छिन्नी-हातोडा घेऊन आला आणि तुळईला टाचे मारायला लागला. सिमेंट गुळगुळीत असलं तर गिलावा धरत नाही, म्हणून त्याच्यावर छिन्नीनं बारीक खाचा पाडतात, त्याला टाचे मारणं म्हणतात. नीलकंठरावांनी शिडी ओढून घेतली. असला सुंदर पृष्ठभाग फोडतोस, लाज नाही वाटत? मिस्त्रीनं परोपरीनं सांगितलं, हात जोडले, शेवटी "आपकी मर्जी, साहब" म्हणून गिलावा तसाच थापला. अडीच महिने तो टिकला. मग काकूंचे भाऊ सुशीलमामा नागपूरहून आले, पाटावर बसले, त्यांनी वाटीतली कढी भातावर ओतली, आणि परातीएवढा गिलावा त्या कढीत उतरला. मामांना काही झालं नाही. फक्त तेव्हापासून ते कुठंही जेवायला बसले की आधी वर बघतात.

या सगळ्यात मागच्या वर्षी दाताची भर पडली. तीजा-पोळ्याला कुसुमनं घरून ठेठरी आणली होती. बेसनाची ही तळलेली ठेठरी छत्तीसगढात लोक फार प्रेमानं खातात, आणि ती चांगली झाली आहे की नाही हे आवाजावरून ठरतं. त्या दिवशी आवाज फारच चांगला आला. नीलकंठरावांची उजवीकडची खालची दाढ उभी चिरली होती. ती काढावी लागली. कॉलनीच्या तोंडाशी डॉक्टर गंधाली नावाची एक हुशार मुलगी दवाखाना चालवते. तिनं सांगितलं, हाडात टायटॅनियमचा बारीक स्क्रू बसवू, त्याच्याभोवती हाड वाढून त्याला घट्ट धरेल, मग वर टोपी घालू. नमुन्यादाखल तिनं एक स्क्रू त्यांच्या हातात दिला.

नीलकंठरावांनी खिशातून भिंग काढलं. दवाखान्यात जातानाही ते भिंग नेतात. स्क्रू उलटसुलट बघितला, नखानं चाचपला, आणि टेबलावर ठेवून दिला.

"मॅडम, हा माल रिजेक्ट आहे. पॉलिशच नाही केलं ह्याले."

गंधाली म्हणाली, तो मुद्दामच तसा खरबरीत ठेवतात. हे ऐकून नीलकंठराव हसले. चौतीस वर्षं आळशी मुलांच्या तोंडून त्यांनी हेच ऐकलं होतं: सर, मुद्दामच तसं ठेवलंय. उलट त्यांनीच सुचवलं, की दोन दिवस स्क्रू माझ्याकडं ठेवा, आरसा करून देतो. ती म्हणाली, तसं चालत नाही, बसवायचा स्क्रू बंद पाकिटात निर्जंतुक येतो. नीलकंठराव म्हणाले, मग कच्चं काम मी तोंडात घेणार नाही. आणि उठून घरी आले. तेव्हापासून ते डावीकडून जेवायला लागले. फुटाणे सुटले, ठेठरी सुटली, वांग्याच्या भाजीतलं देठ सुटलं. पण तत्त्व सुटलं नाही.

आता यामिनी. ही नीलकंठरावांच्या धाकट्या भावाची मुलगी, भिलाईची. काकांच्याच कॉलेजात, काकांच्याच जुन्या टेबलावर पीएच.डी. करते, हॉस्टेलला राहते, आणि रविवारी जेवायला इथं येते. मराठी तिला सगळी समजते, बोलते मात्र हिंदी. नीलकंठरावांना तिचा इतका अभिमान, की ती टायटॅनियमवर काम करते हे त्यांनी दूधवाल्यालाही सांगितलेलं आहे. ती टायटॅनियमचं नेमकं काय करते हे मात्र त्यांनी कधी विचारलं नव्हतं. धातूचं काम म्हणजे शेवटी घासणं, त्यात विचारायचं काय?

दसऱ्यानंतरच्या गुरुवारी ती एक डबी घेऊन आली. तिच्यात टायटॅनियमच्या बारा चकत्या होत्या, कोटाच्या बटणाएवढ्या. सोमवारी सकाळच्या गाडीनं त्या नागपूरला न्यायच्या होत्या. तिथल्या एका प्रयोगशाळेत हाडाच्या जिवंत पेशी या चकत्यांवर सोडून त्या कशा वाढतात ते बघणार होते. तारीख मोठ्या मुश्किलीनं मिळाली होती. पेशी त्या दिवसासाठी वाढवून तयार ठेवलेल्या; त्या काही थांबत नाहीत. ही तारीख हुकली तर पुढची होळीनंतर, आणि तिच्या प्रबंधाची मुदत तर संक्रांतीलाच संपत होती. काकांनी एवढंच करायचं होतं, की चकत्या एकमेकींवर घासू नयेत म्हणून बारा खळग्यांची एक लाकडी पेटी करून द्यायची. मापासाठी चकत्या ठेवून ती आईला भेटायला भिलाईला गेली. जाताना बजावून गेली, की वरच्या बाजूला बोट लावायचं नाही.

नीलकंठरावांनी बोट लावलं नाही. हे त्यांनी नंतर अनेकदा सांगितलं. चिमट्यानंच उचलल्या.

पेटी शुक्रवारी दुपारपर्यंत झाली, सागवानी, आतून मखमल लावलेली (ब्लाउजच्या बाह्या). मग पहिली चकती खळग्यात बसवताना त्यांनी ती उजेडात धरली. चकती मळकट होती. राखाडी, मधूनच तांबूस, कडेला निळसर झाक; तव्यावर तेल जळून राहतं तसा डाग. दुसरीवर तोच डाग. बाराच्या बारांवर.

त्यांच्या डोळ्यांपुढं सगळं उभं राहिलं. आपली पोरगी नागपूरच्या प्रयोगशाळेत उभी आहे, पेटी उघडते आहे, आणि तिथले लोक एकमेकांकडं बघून म्हणताहेत, रायपूरहून आलंय ना, मग असंच असणार. आमच्या रायपूरच्या मराठी माणसाला जगात कुणी काही बोललं तरी चालतं. नागपूरनं बोललेलं सहन होत नाही. आमच्या मराठीला नागपूर हसतं, आमच्या पुरणपोळीला हसतं, सुशीलमामा तर आमच्या गिलाव्यालाही हसतात. आता टायटॅनियमलाही हसणार?

कूलरची मोटर सुरू झाली.

डाग अर्ध्या मिनिटात निघाला. तेवढ्यावर थांबले असते तर ते नीलकंठराव कसले? डागाखाली चरे निघाले. कुणीतरी तिसऱ्या कागदावरून थेट पाचव्यावर उडी मारली होती, हे त्यांना भिंगातून वाचता आलं, जणू सही केलेली असावी. मग पुन्हा पहिल्या कागदापासून. टायटॅनियम हा चिवट धातू, चोळला तर चिकटतो, दाबला तर रुसतो. शुक्रवारची दुपार गेली, शनिवार सगळा गेला, रविवारची सकाळ गेली. काकूंनी दोनदा विचारलं, की तुम्हाला पेटी करायला सांगितली होती ना? ते म्हणाले, पेटीच करून राहिलो. रविवारी दोनच्या सुमाराला ते हात धुऊन, कपडे बदलून, पेटी मांडीवर घेऊन दारात येऊन बसले. मी फाटकातून विचारलं, काय विशेष? तर म्हणाले, बसा, पाहून जा, पोरगी कशी नाचते ते.

म्हणून मी तिथं होतो.

यामिनीनं पेटी उघडली आणि तिला बारा यामिनी दिसल्या. बाराही तिच्याकडं टक लावून बघत होत्या. मग बारांचेही डोळे भरून आले.

नीलकंठरावांना ते आनंदाश्रू वाटले. ते म्हणाले, अगं, डाग पडले होते, मी काढले, त्यात काय एवढं.

"काका," ती अगदी हळू म्हणाली, "वो दाग नहीं था. वही तो मेरा काम था."

मोटर बंद असतानाही व्हरांड्यात काहीतरी घरघरतंय असं वाटलं. काकूंनी कुसुमला चहा ठेवायला सांगितलं. कुसुम जागची हलली नाही. नीलकंठरावांनी पेटीतून एक चकती चिमट्यानं उचलली, बघितली, परत ठेवली. त्यांच्या मिशा मी पहिल्यांदाच खाली वळलेल्या पाहिल्या.

शेवटी काकूंनीच विचारलं, की बाई गं, त्या डागात होतं तरी काय? यामिनीनं ओढणीनं नाक पुसलं आणि सांगितलं. ते डाग म्हणजे बारीक-बारीक खड्डे होते, नळ्यांसारखे, शेजारी शेजारी, कोटीकोटी. एकेक खड्डा केसाच्या जाडीचा हजारावा भाग. भिंगात दिसत नाहीत, साध्या सूक्ष्मदर्शकातही नाही. त्यांच्यावरून उजेड नीट परतत नाही म्हणून चकती मळकट दिसते, एवढंच. पण हाडाच्या पेशीला ते कळतात. पेशी चकतीवर उतरली की बोटांसारखे बारीक तंतू बाहेर काढते आणि चाचपून बघते. गुळगुळीत लागलं तर तिला धरायला काही मिळत नाही. ती गोळा होऊन बसते, नाहीतर सुटून जाते. खड्डे लागले की ती त्यांच्या कडांना बोटं अडकवते, पसरते, स्थिरावते, आणि मग तिथं हाड घालायला लागते. खड्डे फार मोठे झाले तरी तिला आवडत नाही. कोणत्या मापाचे खड्डे तिला सगळ्यांत मानवतात, तेच तिनं चार वर्षांत शोधून काढलं होतं; आता नागपूरला त्याची खात्री करायची होती. म्हणून दातांचे स्क्रूसुद्धा हल्ली खरबरीत करतात.

शेवटचं वाक्य तिनं सहज म्हटलं होतं. नीलकंठरावांची जीभ आपोआप उजव्या गालात गेली.

काकूंनी मान वर करून जेवणघराच्या तुळईकडं पाहिलं.

"म्हणजे टाचे," त्या म्हणाल्या.

एवढंच. पण अठरा वर्षं धरून ठेवलेलं वाक्य होतं ते. गौतम मिस्त्री, सुशीलमामा, कढी, सगळं त्यात आलं. नीलकंठरावांनी तुळईकडं पाहिलं नाही. फरशीकडं पाहिलं. तिथं त्यांना स्वतःचंच तोंड दिसलं, त्यामुळं तिथंही फार वेळ बघता आलं नाही.

यामिनीनं मग उगीच, काहीतरी करायचं म्हणून, एक चकती उचलली आणि खिडकीपाशी धरली. तिरकी करून पाहिली. दुसरी पाहिली. पिशवीतून स्वतःचं भिंग काढलं. तेही काकांनीच दिलेलं. तिच्या कपाळावरची आठी हळूहळू दुसऱ्या जातीची झाली.

"काका, ये आपने कितने दिन में किया?"

"दोन," ते अपराध्यासारखे म्हणाले.

"मुझे तीन हफ़्ते लगे थे. और इतना साफ़ तब भी नहीं हुआ था."

तेव्हा उलगडा झाला, तो असा. खड्डे पाडायच्या आधी चकतीचा आरसा करावाच लागतो. जितका आरसा चांगला, तितके खड्डे सारखे. सगळा वेळ जातो तो घासण्यात. खड्डे पाडणं हे त्या मानानं थोडं काम. चकती द्रावणात टांगायची, वीस व्होल्ट वीज सोडायची, दीड तासात खड्डे तयार. एका वेळी तीन चकत्या. आणि तीन चकत्या तर तिला मुळात गुळगुळीतच हव्या होत्या, तुलनेसाठी. त्या ती कुणाकडून तरी उसन्या घेणार होती. म्हणजे राहिल्या नऊ. तीन खेपा, साडेचार तास. वर भट्टीत भाजणं, ते रात्रभर आपोआप होतं. घड्याळात पावणेतीन वाजले होते.

नीलकंठराव उठले. आतून त्यांचा निळा ॲप्रन घालून आले. निवृत्तीनंतर सात वर्षांनी तो घालताना मधलं बटण लागेना. त्यांनी ते तसंच सोडलं.

"ऊठ पोट्टी. लॅबची चाबी तुझ्यापाशीच असते ना?"

पुढचं मला यामिनीनं सांगितलं. लॅबमध्ये गेल्यावर काकांनी टेबलाचा खालचा खण लाथ मारून उघडला. तो तसाच उघडतो हे तिला चार वर्षांत माहीत नव्हतं, तिनं त्यातल्या वस्तूंवर कधीचं पाणी सोडलं होतं. द्रावण झालं, तारा लागल्या, पहिल्या तीन चकत्या बुडाल्या. काचेच्या भांड्यात तीन आरसे लखलखत होते. तिला काकांची चौतीस वर्षांची सवय ठाऊक होती, सगळ्या कॉलेजलाच ठाऊक होती. ती म्हणाली, काका, तुम्ही बाहेर जाऊन चहा घ्या, मी करते.

काका हलले नाहीत. त्यांनी दोन्ही हात ॲप्रनला पुसले आणि म्हणाले, "नाही. माझं मीच पुसतो." आणि बटण दाबलं.

भांड्यात डोकावून ते उभे राहिले. पहिली काही मिनिटं काही झालं नाही. मग चमकेवर श्वास टाकल्यासारखं धुकं आलं. आधी आरशातला त्यांचा चष्मा गेला, मग मिशी, मग खिडकीचे गज. पिवळट झालं, तांबूस झालं, निळसर झालं, आणि शेवटी तीच ती राखाडी कळा आली. काका म्हणाले, "गेलं." एवढं म्हणून चष्मा काढून पुसायला लागले, आणि बराच वेळ पुसत राहिले.

दुसऱ्या खेपेला ते खुर्ची ओढून बसले. तिसऱ्या खेपेला त्यांनी तिला चकतीची तार दोनदा वळवायला लावली, कारण डाव्या कडेला मळकटपणा कमी आला होता. "करायचं तर एकसारखं मळकट कर," ते म्हणाले. "अर्धवट काम नागपूरले न्यायचं नाही."

पहाटे भट्टीतून चकत्या निघाल्या, पेटीत बसल्या, आणि स्टेशनावर नीलकंठरावांनी पेटी खिडकीतून तिच्या मांडीवर ठेवली. नऊ मळकट, तीन आरसे. गाडी सुटेपर्यंत ते आरशांच्या बाजूला उभे होते.

दिवाळीनंतर फोटो आले. यामिनीनं ते फोनवर मोठे करून दाखवले. मळकट चकत्यांवर पेशी तव्यावर सोडलेल्या चिल्यासारख्या, म्हणजे आपल्या धिरड्यासारख्या, ऐसपैस पसरल्या होत्या, कडांना तंतू रोवून, एकमेकींना खेटून. आधी एकदा घेतलेल्या कच्च्या चाचणीत त्या चऱ्यांच्या बाजूनं ओळी धरून बसल्या होत्या, तशा या वेळी नाहीत, सगळीकडं सारख्या. आरशांवर मात्र भिजवलेल्या साबुदाण्यासारखे सुटे सुटे गोल दाणे, तेही मोजके. नीलकंठरावांनी आरशांचा फोटो बराच वेळ बघितला.

"ह्या तीन कोणी पॉलिश केल्या ते सांगितलं होतं का त्यांना?"

पेशींना सांगितलं नव्हतं. पण नागपूरच्या लोकांनी आपण होऊन विचारलं होतं, की असा आरसा आम्ही इथं कधी पाहिला नाही, तुमच्या कॉलेजात कोणतं यंत्र आहे? यामिनीनं खरं ते सांगितलं, की कूलरचं. हे वाक्य नीलकंठरावांनी तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं, आणि सुशीलमामांना फोन लावून चौथ्यांदा.

त्याच आठवड्यात ते डॉक्टर गंधालीच्या दवाखान्यात गेले. भिंग घेऊनच. त्यांना दारात बघून तिनं नमुन्याचा स्क्रू गुपचूप खणात सरकवला. नीलकंठरावांनी तो मागून घेतला, उजेडात धरला, नखानं चाचपला आणि गंभीरपणे विचारलं, की याहून थोडा जास्त खरबरीत मिळत नाही का? माझं हाड जरा जुनं आहे, त्याला धरायला सोपं पडावं.

स्क्रू बसला. हाडाला त्याला धरायला तीन महिने द्यायचे होते. ते तीन महिने नीलकंठराव रोज सकाळी पाटी घासताना मला फाटकावरून बातमी देत असत, जणू घरात कुणी बाळंतीण आहे. "धरून राहिलं," ते गाल दाबून म्हणत. एकदा तर म्हणाले, रात्री पसरलं असं वाटलं. काकूंनी विचारलं, ते कसं काय वाटतं? ते म्हणाले, ज्याचं हाड त्याले कळते.

फेब्रुवारीत टोपी बसवायची वेळ आली. गंधालीनं दातांच्या रंगाच्या टोप्या दाखवल्या. नीलकंठरावांनी धातूचीच हवी म्हणून सांगितलं. टोपी घडून आली. तिनं समजावलं, की हाडातला भाग खरबरीत हवा, पण हिरडीच्या वरचा भाग मात्र गुळगुळीतच पाहिजे, नाहीतर त्याला घाण चिकटते. नीलकंठराव खुर्चीत अर्धे उठले. "म्हणजे वरचं काम पॉलिशचं?" तिनं हो म्हटलं. त्यांनी भिंग काढलं, टोपी बघितली, आणि फार हळुवारपणे, तिला वाईट वाटू नये अशा बेतानं, म्हणाले, की मॅडम, ही फक्त एक दुपार माझ्याकडं द्या.

या वेळी तिला नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

त्या दुपारी कूलरची मोटर चार तास चालली. कुसुमनं कानात बोटं घातली. दुसऱ्या दिवशी टोपी धुऊन, वाफवून जागेवर बसली.

यामिनीचा प्रबंध संक्रांतीला वेळेत गेला होता. मार्चमध्ये ती पेढे घेऊन आली. नीलकंठरावांनी पेढा बाजूला ठेवला आणि कुसुमच्या डब्यातली ठेठरी मागवली. सगळे थांबलो. त्यांनी ती उजवीकडं धरली आणि चावली. आवाज फार चांगला आला, आणि या वेळी तो ठेठरीचाच होता. नीलकंठराव इतके हसले, की तोंड शेवटच्या दाढेपर्यंत उघडलं. यामिनीनं त्यांची हनुवटी धरली, दातांच्या डॉक्टरसारखी मान वाकडी केली, आणि आत डोकावली.

"काका, इसमें तो मैं दिख रही हूँ."

ही तेरावी यामिनी. ती मात्र हसत होती.